वाचलेली अळी

कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी नवी होते. हरभऱ्याच्या शेतातून आणलेल्या घाटेअळ्यांच्या पाठीवर आम्ही कीटकनाशकाचा एकेक थेंब ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर बहुतेक अळ्या हिरवं ओकून, पिळवटून मेल्या होत्या. एक मात्र निवांत खात होती. मला उगीचच आनंद झाला.

"मॅडम, ही वाचली," मी म्हणाले.

"विष पचवायचा गुण आईबापांकडूनच घेऊन आली असणार," मॅडम म्हणाल्या. "तोच शोधायचाय. दे इकडे."

त्यांनी तिला जिवंतच गोठवलं आणि खलात घालून तिची पूड केली. जनुक तपासायचं तर दुसरा इलाज नव्हता. मेलेल्या अळ्या कचऱ्यात गेल्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. शेतात याच गुणावर ती जगली असती, तिची पिल्लं घाट्यामागून घाटे पोखरत गेली असती. इथे तो गुणच तिला भोवला. जो तगतो, त्याच्याच अंगात काय आहे ते पाहायची घाई सगळ्यांना असते.

"आणखी एखादी हलतेय का बघ," खल पुसत मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या ट्रेच्या कोपऱ्यातली एक अळी हळूच डोकं उचलत होती.

"आहे," मी म्हणाले.