वाटेकरी किती?

आमच्या घरात जेवणाआधी पत्रकांच्या घड्या घालायची पद्धत होती. बाबा पत्रकं छापून आणत, हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, पाण्यासाठी, आणि आम्ही भावंडं ताट यायच्या आत गठ्ठा संपवत असू. त्यामुळे मी मोठी झाल्यावर कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर जाणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊकच होतं. आईलाही. पण आई शेवटी आई. तिने माझ्याशी एक करार केला होता. मी माझं माझं माणूस शोधावं, जळगावात जाऊन भेटावं, बोलावं, तिची हरकत नाही. दोनदा भेटून झालं होतं, दोन्हीदा फुकट गेलं होतं. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तर रविवारी भुसावळकडचे पाहुणे येणार आणि मी मुकाट्याने त्यांच्यासमोर बसणार.

आधीच्या दोघांबद्दल तक्रार नाही. माणसं सभ्य होती. मी बोलायला लागले की दोघंही म्हणत, "बरोबर आहे तुमचं," आणि मोबाइल बघत. मी जेवढी तापत जाई, तेवढं माझं जास्त बरोबर होत जाई. शेवटी एकाने माझं इतकं बरोबर केलं की मी आइस्क्रीम अर्धं सोडून घरची, असोद्याची बस धरली.

तिसरा धुळ्याकडचा. मैत्रिणीच्या लग्नात मी मांडवात डीजेच्या आवाजाविरुद्ध पत्रक वाटत होते. बाकीच्यांनी त्यात बुंदी बांधली. याने ते शेवटपर्यंत वाचलं आणि परत येऊन सांगितलं की मजकूर ठीक आहे, पण अक्षर इतकं बारीक आहे की ज्याच्यासाठी लिहिलंय त्या आजोबांना वाचता येणार नाही. मला राग आला. मग नंबर दिला.

भेटायचं कुठे, हा प्रश्न होता. जळगावात पडदे लावलेले कॅफे आहेत, तिथे जोडपी बसतात. मी म्हटलं, आपण काही चोरी करत नाही, चारचौघांत बसू. म्हणून स्टँडजवळच्या एका जेवणाच्या हॉटेलात, भर दुपारी, दरवाज्यासमोरच्या टेबलावर आम्ही शेवभाजी मागवली.

पहिली पंधरा-वीस मिनिटं तो फार जपून, पुस्तकातलं मराठी बोलत होता. मग भाजी आली. पहिल्या घासाला त्याने नाक पुसलं आणि जाहीर केलं की ही शेवभाजीच नाही. धुळ्यात असा मिळमिळीत रस्सा वाढला तर लोक आचाऱ्याला बाहेर बोलावतात. मी म्हटलं, धुळ्यात तिखट खातात कारण चव लागत नाही. त्यावर त्याने बहिणीचा किस्सा सांगितला. मोठी बहीण, आता पिंपळनेरला दिलेली. तिनेच याला सायकल शिकवली, पोहायला विहिरीत ढकललं, आणि ती आली की घरात रस्सा तिच्याच हातचा होतो. बहिणीबद्दल बोलताना तो ताटाकडे न बघता बोलत होता, भाकरी रश्श्याऐवजी वरणाच्या वाटीत बुडवत होता. मला हसू आलं. मी त्याला कसले कसले प्रश्न विचारायचे हे बसमध्ये ठरवून आले होते. त्यातला एकही आठवला नाही.

तेवढ्यात दारातून आमच्या गल्लीतले नाना आत आले. विहिरीवरची मोटार दुरुस्तीला टाकून जेवायला आले होते. मला बघितलं, समोरच्याला बघितलं, आणि खुर्ची ओढून आमच्याच टेबलाला बसले. चारचौघांत बसायचं माझंच ठरलं होतं, बोलणार काय?

नानांनी एकही क्षण वाया घालवला नाही. गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, नोकरी कायम की कंत्राटी. मी कांदेपोह्यांपासून पळाले होते आणि कांदेपोहेच चालून टेबलावर आले होते. तो मात्र शांतपणे उत्तरं देत होता. मग नानांनी विचारलं, शेती किती. त्याने सहा एकर सांगितली.

"वाटेकरी किती?"

"मी एकटाच," तो म्हणाला.

मी भाकरी खाली ठेवली.

"आणि पिंपळनेरची?"

त्याचे कान लाल झाले. नाना मात्र त्याच्या मदतीला धावले. बहीण कुठे वाटेकरी असते, म्हणाले, ती आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला येईल, झोके घेईल, साडी घेऊन जाईल.

मग मी जे बोलले ते बहुतेक स्टँडपर्यंत ऐकू गेलं असावं. की आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात, आणि त्याच मुक्कामात त्यांना हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला नेतात. की कायदा तिला वाटा देतो आणि आपण तिला साडी देतो. रस्सा वाढायला आलेला माणूस वाटी धरून तसाच उभा राहिला. मी थांबले आणि वाट बघितली. आता हा म्हणेल, बरोबर आहे तुमचं. आणि रविवारचे पाहुणे पक्के.

"सवयीने बोललो," तो म्हणाला. "चुकलो. पण तुमचंही सगळं बरोबर नाही. ताईने कधी मागितलं नाही. तिला वावर नको, माहेर हवंय."

"तुम्ही विचारलंत तिला?"

त्याचा मोबाइल टेबलावर पालथा होता, तो तसाच राहिला.

"नाही विचारलं."

"मग तिला काय हवंय ते तुम्हाला कसं माहीत?"

"आणि तुम्हाला कसं माहीत?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"जेव बाबा आधी," नाना त्याला म्हणाले. "हिचा बापही असाच. समोरच्याचं जेवण थंड करायचा."

जेवण झाल्यावर नाना मोटारीकडे गेले आणि आम्ही स्टँडवर जाऊन पुढचं भांडलो. माहेर टिकवायला वाटा सोडावा लागत असेल तर ते माहेर कसलं, हे माझं. भाऊ-बहिणीत कागद आणायची भीती वाटते, हे त्याचं, आणि ते त्याने खरं खरं सांगितलं. धुळ्याची गाडी लागली, भरली, सुटली. मी ती बघितली होती. त्यानेही बघितली होती. आम्ही भांडत राहिलो.

घरी पोहोचले तेव्हा आई पापडाचं पीठ मळत होती. नानांचा फोन माझ्या आधी पोहोचला होता.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"भांडतो."

"जेवला का नीट?"

"जेवला. भांडत भांडत."

आईने मान डोलावली, पण रविवार अजून तसाच होता. तेवढ्यात फोन वाजला. त्याचा निरोप होता. पारोळ्याच्या पुढे गाडी थांबली तेव्हा त्याने बहिणीला फोन करून सरळ विचारलं होतं. त्याला वाटलं, ती रडेल. ती हसली, आणि एका दमात म्हणाली, "मले हिरजोडेनं वावर जोयजे." म्हणजे विहिरीलगतचंच शेत हवं, सगळ्यात चांगलं. उत्तर तिच्याकडे केव्हाचं तयार होतं. खाली त्याने लिहिलं होतं, तुमच्यामुळे मी आता कोरडवाहू झालो. पुढच्या भेटीत शेवभाजी तुमच्याकडून. धुळ्यात.

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हात धुवून, पदराला पुसत उठली आणि भुसावळला फोन लावला.

"रविवारी नका येऊ," ती म्हणाली. "आमची पोरगी एका भांडणात गुंतलीय. लवकर मिटेल असं वाटत नाही."