बीटेचा भुसा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी बोट नेलं. "इथे शॅडो आहे." शॅडो म्हणजे फिल्मवर दिसणारा पांढुरका डाग. "टीबी असू शकतो. आहे असं मी म्हणत नाही."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बातमीत 'असू शकतो' छापलं, तरी वाचक 'आहे' असंच वाचतो, हे मला ठाऊक होतं. घरानेही तसंच वाचलं.

खोकला उन्हाळ्याच्या तोंडाशी लागला होता. संध्याकाळी छाती दाटायची. वजन उतरत होतं. स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीत जंतू शोधण्याची तपासणी, निर्दोष आली. डॉक्टरांनी ती पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच. "एवढ्यावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. कशावर ठेवायचा, ते सांगितलं नाही.

माझी पत्नी इंदू नेहमीसारखीच वागत होती. पण पाणी पिताना एकदा माझ्या पेल्याच्या तळावर खिळ्याने कोरलेली फुली दिसली; माझा पेला तिने वेगळा काढला होता.

आमची मुलगी सुमती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या सासूबाईंचा निरोप आला, "इतक्यात नको." घरातली बातमी बाहेर कुणी नेली? माझा संशय शेजारच्या राजम्मांवर गेला. कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांना आमचं सगळं दिसे, आणि ते त्या स्वतःपाशी ठेवत नसत.

हॉस्पिटलात दाखल झालो. स्ट्रेप्टोमायसिनची, म्हणजे टीबीवरच्या औषधाची, इंजेक्शनं सुरू झाली. थोड्याच दिवसांत छाती मोकळी झाली. हा गुण औषधाचा कशावरून, असं मी विचारलं. डॉक्टर हसले. "पेपरवाल्यांना तपासणं सोपं, समजावणं कठीण."

रोज इंजेक्शनला येण्याच्या बोलीवर घरी सोडलं. इंजेक्शन एकही चुकलं नाही, तरी आठवड्याच्या आत पुन्हा दम लागू लागला. पुन्हा तीच खाट. या वेळी संशय डॉक्टरांना आला.

"औषध तेच. इथे बरे होता, घरी बिघडता. घरी काय आहे?"

"घरी मी आहे," इंदू म्हणाली. नर्सला हसू आवरेना.

"तुमच्याखेरीज?"

"पाखरांची घरं. ऑफिसला जाईपर्यंत हे तेच करत बसतात. माणसांच्या घरातला नळ गळतोय, तो तसाच."

हे खरं होतं. चिमण्यांसाठी लाकडी घरटी आणि दाण्याच्या थाळ्या मी वर्षानुवर्षं करत आलो होतो. खोक्यांची सिल्व्हर ओकची फळी वापरायचो. त्या वर्षी शिवाजीनगरच्या एका फर्निचरवाल्याकडून शिसवीचे तुकडे मिळाले. आम्ही बेंगळूरकर शिसवीला कानडीतल्यासारखं बीटेच म्हणतो. छपराला बीटे शोभून दिसे. पॉलिशपेपरने घासली की तिचा जांभळट भुसा हवेत तरंगत राही. दरसाल भुसा मागच्या खिडकीवाटे जायचा. यंदा राजम्मांनी भिंतीवर संडिगे, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातले होते. "अण्णा, स्वल्प खिडकी लावा हो. तुमच्या चिमण्यांची घरं आमच्या तेलात तळायची का?" मी खिडकी लावून घेतली, ती उन्हाळाभर उघडली नाही.

डॉक्टरांनी माझी हत्यारं वॉर्डाच्या व्हरांड्यात आणवली. पहिल्या दिवशी सिल्व्हर ओक घासायला दिली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बीटे दिली आणि दम लागलाच तर द्यायचं इंजेक्शन भरून स्वतः शेजारी बसले. दुपारपर्यंत माझ्या छातीतून शिट्टी वाजू लागली. वाचणाऱ्याने हा प्रयोग घरी करू नये.

"ब्राँकियल अ‍ॅस्थमा," ते म्हणाले. म्हणजे दमा. श्वासनलिका आवळतात. कारण अ‍ॅलर्जी, एखादी वस्तू शरीराला न सोसणं. एक्स-रेतला डाग जुना, भरून आलेल्या जखमेचा असावा, असं त्यांचं मत होतं. तरी इंजेक्शनं त्यांनी लगेच थांबवली नाहीत. पुढचा एक्स-रे काढला. डाग जिथल्या तिथे, तेवढाच होता. मग थांबवली. आपले डॉक्टर स्वतःच्या मतावरही संशय घेतात का, हे रुग्णाने पाहावं. माझे घेत. त्यांचे आभार मी त्याबद्दल मानतो.

घरी येताना इंदूला म्हणालो, "आता राजम्मांनाच पाठव सुमतीच्या सासरी. बातमी त्यांनी नेली, खुलासाही त्यांनीच न्यावा."

"त्यांनी नाही नेली," इंदू म्हणाली. "मीच गेले होते. म्हटलं, सुमतीला पाठवू नका."

"तू?"

"डॉक्टर 'नाही' म्हणत नव्हते ना. पोर पहिलटकरीण आहे."

त्याच संध्याकाळी ती पुन्हा गेली. बीटेचे उरलेले तुकडे मी फर्निचरवाल्याला परत केले. मागची खिडकी उघडली. राजम्मांनी संडिग्यांचं कापड पलीकडे सरकवलं.

सुमतीला पोचवायला तिच्या सासूबाई स्वतः आल्या. उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, माझ्याकडे नीट पाहिलं, मग आत येऊन बसल्या. इंदूने पाणी आणून दिलं. त्यांनी पेला ओठाला लावून एका दमात रिकामा केला.

पेला वर झाला, तेव्हा तळावरची फुली मला समोर दिसली. मी इंदूकडे पाहिलं. ती सुमतीची पिशवी आत नेत होती.

आयुष्यभर प्रश्न विचारण्याचा पगार घेतला. तोच पेला चुकून आला की मुद्दाम, हा मात्र मी विचारला नाही.