नकाशावरचा अणदूरचा ठिपका

महारुद्र लांबकोटे यांनी तीस वर्षं एसटी चालवली, पण दुसऱ्यानं तपासलेल्या गाडीवर एकदाही भरवसा ठेवला नाही. मेकॅनिक "झालं, काढा गाडी" म्हणाला की ते खाली उतरायचे, चाकांचे नट स्वतः ठोकून बघायचे, वाकून खाली कुठं तेल गळतंय का पाहायचे आणि मगच घंटी द्यायला सांगायचे. निवृत्त होऊन अणदूरला परतल्यावरही ती सवय गेली नाही. दुकानातून आणलेलं औषध ते नात शिवप्रियाकडून दोनदा वाचून घेत. मुलगा पुण्यात कारखान्यात कामाला, म्हणून शिवप्रिया लहानपणापासून आजोबांकडंच वाढलेली. हे सगळं मला तिनंच सांगितलं.

माणूस असा का झाला, याचं निम्मं उत्तर त्यांच्या आडनावात होतं.

आपल्याकडं आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, फक्त जरा सभ्यपणे. महारुद्रांचं आडनाव सांगून कुणाला काही कळायचंच नाही. लांबकोटे अख्ख्या अणदुरात एकच घर. तुळजापूरला, नळदुर्गला, कुठंच दुसरं नाही. नोकरी लागल्यावर तुळजापुरात खोली बघायला गेले, तर घरमालकानं विचारलं, "लांबकोटे म्हंजी कोण?"

"धनगर."

"धनगरात असलं आडनाव म्या ऐकलं न्हाय." आणि खोली दुसऱ्याला गेली.

लग्न जमवतानाही तेच. सोयरे म्हणायचे, भावकी दाखवा. भावकी नव्हतीच. महारुद्रांचे वडील धोंडीबा आणि आजोबा म्हाळू, एवढीच वर जाणारी शिडी. म्हाळू मेंढरं घेऊन कुठून तरी आला आणि खंडोबाच्या गावात, अणदुरात राहिला, एवढंच घरात माहीत. गावात कुणी म्हणायचं, म्हाळूला कुणा शिपायानं लांब कोट दिला होता, त्यावरून नाव पडलं. महारुद्रांना ते कधी पटलं नाही. मेंढक्याला कोट कोण देतो?

तर असा सगळ्यांनी संशयानं बघितलेला हा माणूस पुढं स्वतःच सगळ्यांकडं संशयानं बघायला लागला.

शिवप्रिया बारावीला होती तेव्हाची गोष्ट. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी जातवैधता लागणार होती. महारुद्रांनी कागद गोळा केले. सगळ्यात जुना कागद होता धोंडीबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा, निजामाच्या काळातला, फसली १३४८ चा, म्हणजे १९३८-३९ चा, उर्दूत. सोलापुरातल्या एका माणसाकडून त्याचं मराठी भाषांतर करून घेतलं होतं. जात पडताळणी समितीनं कागद ठेवून घेतले आणि विचारलं की, भावकीत कुणाला आधी वैधता मिळालेली आहे का. असेल तर तो मोठा पुरावा होईल. आता ही भावकी आणायची कुठून?

त्याच डिसेंबरात शिवप्रियाच्या फेसबुकवर इंग्लंडातून एक मेसेज आला. बाईचं नाव हिल्डा लॅम्बकोट. वय बाहत्तर, पूर्वी ग्रंथपाल होत्या. त्यांनी लिहिलं होतं की हे आडनाव फार दुर्मीळ आहे, साऱ्या इंग्लंडात आता एकशे बारा माणसं उरली आहेत, तीही बहुतेक एकाच परगण्यात. जगभरातल्या लॅम्बकोटांचा त्या नकाशा करतात, माणूस सापडला की ठिपका ठेवतात. त्यांच्या घराण्यातला एकजण दीडशे वर्षांपूर्वी नळदुर्गाजवळ पुलाच्या कामावर मुकादम होता आणि नंतर त्याचा पत्ता लागला नाही. 'तुमचं आडनाव पाहून मी रात्रभर झोपले नाही,' असं शेवटी होतं. आणि आडनावाचा अर्थही दिला होता. त्यांच्या जुन्या बोलीत कोकरं ठेवायचं खोपट.

शिवप्रियानं आनंदानं हे वाचून दाखवलं. महारुद्रांचा चेहरा उतरला.

"कोकरं? आपण मेंढरं राखणारे हे तिला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय आबा. त्यांच्या आडनावाचाच अर्थ हाय तो."

"बरोबर आत्ताच कसा अर्थ निघाला? कागद समितीत पडलेत अन् हिकडं ही बाई म्हणतीय, तुमी साहेबाचे वंशज. उद्या गावात कुणी म्हणलं, हे धनगर न्हाईतच, तर? कुणीतरी मागनं काडी घालतंय, शिवा. उत्तर द्यायचं न्हाय."

शिवप्रिया हो म्हणाली आणि तिनं उत्तर दिलं. नुसतं उत्तर नाही, पत्ताही दिला.

जानेवारीतल्या एका रविवारी सोलापूरची भाड्याची गाडी दारात थांबली आणि एक उंच, वाळकी, सुती पांढऱ्या सदऱ्यातली म्हातारी उतरली. महारुद्र दाराच्या चौकटीत हात आडवा लावून उभे राहिले. शिवप्रियानं बोलण्याचा अर्थ इकडून तिकडं सांगायला सुरुवात केली.

"त्यांना सांग, आमी त्यातले न्हाय," महारुद्र म्हणाले. "आमच्यात कुणी साहेब न्हवता. चहा घ्यावा अन् जावं."

हिल्डाबाई हसल्या. ओट्यावर बसल्या आणि पिशवीतून नकाशा काढून पसरला. इंग्लंडाच्या एका कोपऱ्यात निळ्या ठिपक्यांची दाटी, मग कॅनडात चार, ऑस्ट्रेलियात सात, आणि आपल्याकडं एकच, एकटा. त्याच्याशेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. नकाशावर काही ठिपके खोडलेलेही होते.

"हे खोडलेले कशाचे?" महारुद्रांनी न राहवून विचारलं.

शिवप्रियानं विचारून सांगितलं, "ते अकरा जण आपले वाटले, पण न्हवते. त्या म्हणतात, मी जोडायला जेवढी येते तेवढीच खोडायलाबी येते. कुणी आपलं हाय म्हणलं की मला आधी खोटंच वाटतं."

महारुद्रांनी चौकटीवरचा हात काढला. पण आत या म्हणाले नाहीत.

"ह्यात तुमाला मिळणार काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. यादी नीट करून ठेवायची एवढंच. मग त्यांनी एक छोटी डबी काढली. त्यात थुंकी घालून तपासायला पाठवली तर रक्ताचं नातं आहे की नाही ते कळतं, असं शिवप्रियानं सांगताच महारुद्र ताडकन उभे राहिले.

"थुंकी? इंग्लंडात? तिथं तिचं काय करतील ते कोण बघणार? उचल ती डबी."

बाईंनी डबी पिशवीत ठेवली. रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, त्यांच्या जागी मीही दिली नसती. मग जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावच्या चर्चच्या वहीत एकाच घराचं नाव पाच तऱ्हेनं लिहिलेलं आहे, कारण लिहिणारा कानानं ऐकून लिहायचा आणि पुढचा डोळ्यांनी चुकीचं वाचायचा. 'तुमचा सगळ्यात जुना कागद बघा. आणि ज्यानं तो वाचून दिला, त्याला वाचायच्या आधी तुमचं आडनाव माहीत होतं का, ते आठवा.'

गाडी गेली. महारुद्र ओट्यावर बसून राहिले. शिवप्रिया म्हणते, त्या दिवशी त्यांनी दुपारी भाकरी खाल्ली नाही. कारण त्यांना एक गोष्ट आठवली होती. सोलापूरच्या भाषांतरवाल्यासमोर बसल्यावर पहिली गोष्ट त्यांनी सांगितली होती ती हीच, "आडनाव लांबकोटे लिवा." त्या माणसानं कागदाकडं नीट पाहिलं होतं का? जो माणूस मेकॅनिकच्या शब्दावर गाडी काढायचा नाही, त्यानं दुसऱ्याच्या वाचण्यावर नातीचं कॉलेज सोपवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते एकटेच नळदुर्गला गेले. तिथं खाजामियाँ मुजावर म्हणून उर्दूचे जुने मास्तर राहतात. त्यांची-यांची ओळख नव्हती, आणि महारुद्रांना तसाच माणूस पाहिजे होता. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. गाव सांगितलं नाही. उताऱ्याची झेरॉक्स पुढं ठेवली आणि म्हणाले, "एका पाव्हण्याचा कागद हाय. एवढी एक ओळ वाचा."

मास्तरांनी चष्मा पुसला. बोट टेकवून वाचलं, "धोंडीबा, वल्द म्हाळू, म्हणजे म्हाळूचा मुलगा. कौम, म्हणजे जात, धनगर. आडनाव लंगोटे."

"काय?"

"लंगोटे."

"लांबकोटे न्हाय?"

"लांबकोटेला 'ब'चं अक्षर पाहिजे, 'बे'. ते इथं कुठाय? हां, एक गोष्ट आहे. हे घाईत लिहिलंय. गाफवर, म्हणजे 'ग'वर, दोन रेघा पाहिजेत, लिहिणाऱ्यानं एकच दिली, मग तो 'क' होतो. म्हणून लंकोटे दिसतं. पुढं कुणी मराठीत उतरवताना त्याला लंकोटेचा अर्थ लागला नसेल, त्यानं लांबकोटे केलं असेल. असे कागद माझ्याकडं लई येतात." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाव्हण्याचाच आहे ना हा?"

"व्हय, पाव्हण्याचाच," महारुद्र म्हणाले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तुळजापुरातल्या आणखी एका उर्दू जाणणाऱ्याला तीच ओळ दाखवली. तोही लंगोटेच म्हणाला.

घरी येऊन त्यांनी शिवप्रियाला सांगितलं. त्रेसष्ट वर्षं ज्या नावापायी माणसांनी तोंडं वेडीवाकडी केली, ते नाव कुणाचंच नव्हतं. एक रेघ द्यायची राहिली होती.

शिवप्रियानं हिल्डाबाईंचीच रीत धरली. मतदार याद्या उघडल्या आणि जिल्ह्याच्या नकाशावर लंगोट्यांचे ठिपके ठेवत गेली. तुळजापूर तालुक्यात एकही नाही, कळंब तालुक्यात मात्र येरमाळ्याच्या अवतीभवती दाटी. फेब्रुवारीत दोघं बसनं येरमाळ्याला गेले आणि विचारत विचारत एका वस्तीवर पोचले. तिथं अठ्ठ्याहत्तर वर्षांचे उत्तरेश्वर लंगोटे शेळ्यांना पाला टाकत होते.

महारुद्रांनी सगळं सांगितलं. उत्तरेश्वरांनी हातातला पाला खाली ठेवला नाही.

"कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणी न्हाय."

"मग एवढ्या वर्षांनी कशापायी आलाव? जमिनीत वाटा मागायचा हाय का?"

महारुद्रांनी शिवप्रियाकडं पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं. आपण दारात उभं राहून त्या बाईला जसं विचारलं, तसंच हा आपल्याला विचारतोय, हे त्यांनाही कळलं असावं, कारण ते चिडले नाहीत.

"वाटा नको. नातीला कागद पाहिजे."

मग उत्तरेश्वरांनी उलटतपासणी सुरू केली. आजाचं नाव? म्हाळू. म्हाळूचा बाप? माहीत नाही. कोणत्या कानात बाळी होती? माहीत नाही. उत्तरेश्वरांनी मान हलवली. मग येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीचं विचारलं, "घरात येडाईचं काय करता?"

महारुद्रांना एक आठवलं. आई जिवंत असेपर्यंत देवघरात चुनखडीचे पाच खडे होते. ते कशाचे हे आईलाही सांगता यायचं नाही. सासूनं सांगितलं म्हणून चैत्री पुनवेला ती ते धुवून पुसून ठेवायची आणि उत्तरेकडं तोंड करून नैवेद्य दाखवायची. त्यांनी तेवढं सांगितलं.

उत्तरेश्वरांनी हातातला पाला खाली ठेवला. येडेश्वरीच्या यात्रेत चैत्री पुनवेनंतर माणसं रानात चुनखडी वेचतात, ते त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्यांनी सुनेला हाक मारली, पाणी आणायला सांगितलं आणि मग हळूहळू बोलले.

"आमच्या आज्याला एक धाकटा भाऊ हुता. म्हाळप्पा. दोघांचं मेंढरांवरनं वाजलं. त्यो त्याच्या वाट्याची घेऊन खाली नळदुर्गाकडं गेला. आज्या मरस्तोवर म्हणायचा, येईल. न्हाय आला."

उत्तरेश्वरांच्या पुतण्याला चार वर्षांपूर्वी वैधता मिळाली होती. वंशावळ जुळवायला, शपथपत्र करायला दीड महिना गेला. उत्तरेश्वरांनी प्रत्येक कागद गावच्या शिक्षकाकडून वाचून घेतला, महारुद्रांनी तोच कागद शिवप्रियाकडून. दोघांनी सह्या केल्या त्या दिवशी तहसीलच्या आवारातल्या टायपिस्टनं वैतागून विचारलं, "तुमी दोघं नक्की एकमेकांचे नातेवाईक हाय ना?"

दोघं एकदम म्हणाले, "कागद तर तसंच म्हणतोय."

दोन्ही उर्दू जाणकारांची भाषांतरं जोडून फाइल पुन्हा गेली. समितीच्या दक्षता पथकाचा माणूस चौकशीला अणदूरलाही आला, येरमाळ्यालाही गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वैधता हातात पडली आणि शिवप्रियाला सोलापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आडनाव बदलून घ्यायचं का, असं तिनं विचारलं होतं. महारुद्र नको म्हणाले. पासबुक, पेन्शन, सात-बारा, सगळीकडं तेच नाव होतं, आणि एकदा कागद हलवायला लागलं की आणखी कुठली रेघ गळेल, याची त्यांना धास्ती.

हिल्डाबाईंना शिवप्रियानं सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की ठिपका खोडला, वाईट वाटलं, पण चुकीचा राहिला असता तर जास्त वाईट वाटलं असतं. त्यांच्या मुकादमाचा पत्ता अजून लागलेला नाही. महारुद्र अधूनमधून नळदुर्गला गेले की त्या जुन्या पुलाकडं जाऊन दगडांवर काही कोरलेलं दिसतं का बघून येतात. बाईंना मात्र हे कळवू देत नाहीत.

पुढच्या चैत्रात ते पहिल्यांदा येरमाळ्याच्या यात्रेला गेले. चुनखडी वेचून झाल्यावर उत्तरेश्वरांनी त्यांना वस्तीवर जेवायला नेलं, चार माणसांत "आमचे अणदूरचे भाऊबंद" म्हणून ओळख करून दिली. पानं वाढायच्या आधी हात धुताना ते जवळ सरकून हळूच म्हणाले, "महारुद्रा, आता खरं सांग. जमिनीचं काय मनात न्हाय न्हवं?"

"न्हाय, दादा. अन् तुमच्या मनात आमच्या तीन एकराचं?"

"न्हाय."

दोघांनी एकमेकांकडं क्षणभर रोखून पाहिलं, मग पंक्तीत शेजारी शेजारी जाऊन बसले.