पाहुण्यांपुरती जपानी

मी आठवीत असताना आमच्या शाळेत जपानी सुरू झाली. हायवेकडच्या एका जपानी कंपनीने शाळेला संगणक दिले होते. पोरांना भाषा आली तर पुढे तिथं नोकऱ्या लागतील, असं हेडमास्तरांनी पालकसभेत सांगितलं. आमची वस्ती मार्गासनीच्या वर डोंगरात, घरी मेंढरं आणि शेरडं. आबा त्या सभेला आले होते. परत चढताना म्हणाले, "लई लांबची भाषा हाय, पर शीक."

शिकवायला पुण्याहून एक तरुण मॅडम यायच्या. त्यांनी पहिल्याच तासाला दाखवलं की जपानीतही क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. इंग्रजीच्या तासाला मी कायम मान खाली घालून बसायची. ही भाषा मात्र मला ओळखीची वाटली. मेंढरांमागे फिरताना मी वाक्यं जुळवायची.

दिवाळीनंतर मॅडम आल्या नाहीत. हेडमास्तरांना विचारलं की ते "येतील" म्हणायचे. वेळापत्रकात तास तसाच राहिला आणि त्या तासाला आम्हाला मैदानातले दगड वेचायला लावलं.

मग कंपनीचे पाहुणे शाळा बघायला येणार असं कळलं आणि जपानीची एकदम आठवण झाली. पीटीचे सर मोबाईलवर व्हिडिओ लावून आम्हाला वाकायला शिकवू लागले. स्वागताचं एक वाक्य, आभाराचं एक. वाक्यातल्या एका शब्दाचा अर्थ मी विचारला, तर म्हणाले, "अर्थाचं तुला काय करायचंय? नीट वाक." माझे उच्चार स्वच्छ म्हणून फुलं द्यायला मलाच निवडलं. वाकून वाकून कंबर दुखायची. त्याहून जास्त डोकं दुखायचं.

पाहुण्यांमधले मुख्य गृहस्थ वयस्कर होते, सोबत दुभाषी. मी वाकले, फुलं दिली, पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मग न थांबता माझं स्वतःचं वाक्य म्हटलं, "सेन्सेई वा इत्सु किमासु का?" आमच्या मॅडम कधी येणार?

ते गृहस्थ चमकले. गुडघ्यावर हात ठेवून माझ्यापुढे वाकले आणि सावकाश, समजावून बरंच काही बोलले. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. एक प्रश्न विचारण्यापुरतीच भाषा माझ्याकडे होती, उत्तर समजण्याइतकी कोणी दिलीच नव्हती. आयुष्यात इतका संताप मला कधी आला नव्हता. दुभाष्याने मला काही न सांगता मॅडमबद्दल हेडमास्तरांनाच विचारलं, तेव्हा ते हसत म्हणाले, "मॅडम रजेवर आहेत." पाहुण्यांनी मान डोलावली आणि सगळे चहाला गेले.

नंतर हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं. "हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणीच न्हाई, सर. तेच तर इचारत होते."

दुसऱ्या दिवशी आबांना बोलावणं गेलं. मेंढरं चुलत्यावर सोपवून ते खाली आले आणि टेबलापुढे उभे राहिले. खुर्ची रिकामी होती, पण बसा कोणी म्हटलं नाही.

"तुमच्या मुलीने शाळेचा अपमान केला," हेडमास्तर म्हणाले.

"शिवी दिली का तिनं?"

"शिवी नाही. मॅडम कधी येणार, असं परक्या माणसाला विचारलं."

आबांनी सरळ विचारलं, "मंग कवा येनार हायती?"

हेडमास्तरांनी शिपायाला हाक मारली आणि आम्हाला बाहेर काढलं. मॅडम कधीच आल्या नाहीत. पुढच्या वर्षी वेळापत्रकातून तासही गेला. फुलं देतानाचा माझा फोटो मात्र शाळेच्या माहितीपत्रकावर छापला आणि खाली लिहिलं, 'आमचे विद्यार्थी जपानी बोलतात.'

नोकरी लागल्यावर मी पुण्यात क्लास लावला आणि जपानी पहिल्या अक्षरापासून शिकले. आता ती मला येते. लोक म्हणतात, शेवटी शिकलीस ना, मग ती जुनी गोष्ट सोडून दे. मी सोडत नाही. माझ्या वर्गातल्या बाकीच्या पोरींना आजही ती दोनच वाक्यं येतात, आणि ती दोन्ही म्हणताना कमरेत वाकावं लागतं.