पाठ सूर्याकडे

माणसाला चेहरा नसला तरी काही अडत नाही, असं मनापासून मानणारा मला भेटलेला एकमेव माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना नुसतंच काका म्हणतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि रोज संध्याकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मावळतीचे फोटो काढायला सुरुवात केली. पण नुसता सूर्य त्यांना पुरत नसे. त्याच्यापुढे एक माणूस लागे आणि तो पार काळाकुट्ट यावा लागे. "तोंडं काय, रोज बघतोच की! माणूस ओळखावा तो त्याच्या उभं राहण्यावरून," असं ते मोठ्या ऐटीत सांगत. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याची किनाऱ्यावर रवानगी होई. मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एका कोळणीलाही त्यांनी एकदा थांबवलं, सूर्य पाटीला टेकेपर्यंत. ती कडाडली, "काका, तुझा सूर्य टेकेपर्यंत माझी मान मोडेल ना!" फोटो मात्र झकास आला. मावसबहिणीच्या लग्नासाठी स्थळांना पाठवायचा फोटोही त्यांनी हट्टाने स्वतःच काढला. मुलाकडून फोन आला, "फोटो सुंदर आहे हो, पण यात मुलगी कुठली आणि माड कुठला?" त्यानंतर दोन दिवस मावशी त्यांच्याशी बोलली नाही.

तरी त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक मावशीच. चपला हातात, पदर खोचलेला, सूर्याकडे पाठ करून ती निमूट उभी राहायची. निमूट म्हणजे तोंड चालूच. "अहो, उरका, कुकर लावायचाय! आणि एकदा तरी माझं तोंड येऊ द्या की फोटोत."

"काढू गं. तो काय, कधीही काढता येतो," काका म्हणत.

गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापाने मावशी गेली. हार घालायला फोटो हवा म्हणून मी काकांचा कॉम्प्युटर उघडला. मावशीचे शेकडो फोटो होते आणि एकातही तिचे डोळे दिसत नव्हते. काका शेजारी बसून बोट ठेवत होते. "या दिवशी गुडघा दुखत होता, बघ, एकाच पायावर भार आहे. इथे माझ्यावर चिडलीय." त्यांना सगळं दिसत होतं, मला नुसती काळी बाई. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती मावशी वाटतच नव्हती. "एक तरी काढायला हवा होता रे," एवढंच काका म्हणाले. इतकी वर्षं त्यांची थट्टा केल्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्यानंतर कॅमेरा कपाटातच राहिला. मग परवाच्या रविवारी त्यांनी स्वतःहून मला किनाऱ्यावर बोलावलं. मी सवयीने सूर्याकडे पाठ करून उभा राहिलो.

"अरे, असा नको. तिकडे तोंड कर."

मी वळलो. काका पँट दुमडून, कॅमेरा घेऊन पाण्यात शिरले आणि माझ्यासमोर, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. उजेडामुळे मला त्यांचा चेहरा दिसेना, पण खांदे किती उतरलेत ते दिसत होतं.

"काका, सूर्य तुमच्या मागेच राहिला."

"राहू दे. तो काय, उद्या आहेच. तू डोळे उघड नीट."

डोळ्यांत ऊन जात होतं, पाणी येत होतं. तरी मी ते उघडे ठेवले.