लिंबू, पुदिना आणि नाकवाली

कारखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही ते आवडे. सरबतं, साबण, बिस्किटं, खोकल्याच्या गोळ्या यांत जे वास घालतात ते बनवणारा हा कारखाना. बाहेरून पाहिलं तर नुसत्या पत्र्याच्या शेड. आत एक पांढरी खोली होती, आणि तिथे काही माणसं आपापल्या कप्प्यात बसून कागदाच्या पट्ट्या हुंगत. बोलायचं नाही, चेहरा करायचा नाही, अत्तर लावून यायचं नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन नाकवाली तिथे शिरली आणि हळूहळू त्या खोलीतली सगळ्यात जाणती होऊन बसली. दोन पिंपांतला संत्र्याचा अर्क एकाच बागेतला आहे की नाही, हे ती सांगे. यात जादूबिदू काही नव्हती. गाणारी बाई गळ्याचा रियाज करते तसा तिने नाकाचा केला होता. तो रियाज घरच्यांनीही सोसला होता, ते मात्र कोणाच्या लक्षात येत नसे.

म्हणजे असं, की तिच्या घरात कच्चा कांदा येत नसे. एकदा खाल्ला की दुसऱ्या दिवसापर्यंत नाकात ठाण मांडून बसतो, असं तिचं म्हणणं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. गरीब स्वभावाचा माणूस, कांद्यावाचून त्याचं काही अडत नसे. सासूबाईंचं अडायचं. "लोकांच्या सुना दागिने मागतात, आमचीने कांदा बंद केला," असं त्या आल्यागेल्याला सांगत.

दुसरा जाच बाटल्यांचा. कारखान्यातल्या तपकिरी काचेच्या, पांढऱ्या झाकणाच्या बाटल्या आणून तिने स्वयंपाकघर भरून टाकलं होतं, आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. व्हिनेगर, गुलाबपाणी, साखरेचा पाक, सगळे एकाच वेषात. चिठ्ठी वाचायची सवय लागली की नाक आळशी होतं, हा पांढऱ्या खोलीतला नियम तिने घरातही चालवला. ती झाकण उघडून बाटली क्षणभर नाकाखाली धरी, की झालं. बाकीच्यांनी विचारायचं. सासूबाईंनी एकदा स्वतःच्या चहात व्हिनेगर ओतून घेतलं आणि त्यानंतर बरेच दिवस सुनेशी फक्त मुलामार्फत बोलल्या. बाटल्या मात्र तशाच राहिल्या.

मग तो ताप आला. ताप उतरला, अंगातली कणकण गेली, आणि वासही गेला. आधी वाटलं नाक चोंदलंय. वाफ घेतली, थेंब घातले. चहा म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे गुळगुळीत दगड. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. किंवा नाहीही येणार. असं बोलायला काय शिक्षण लागतं कोण जाणे.

ती घरी आली आणि थोड्या दिवसांनी म्हणाली, यायला लागलाय. आणखी थोड्या दिवसांनी म्हणाली, आला. खोटं निभावणं तिला जड गेलं नाही. नवऱ्याच्या नाकपुड्या हलल्या की ती म्हणे, "अहो, काहीतरी करपतंय वाटतं." तो उठून गॅस बंद करी. खोकताना सासूबाई तिच्याकडे टक लावून बघत, पण त्या तशा नेहमीच बघत.

कारखान्यातून मात्र मोठ्या बाईंचा निरोप आला. मोठ्या बाई म्हणजे पांढऱ्या खोलीच्या प्रमुख, तिला शिकवून तयार केलं ते त्यांनीच. सोमवारी रुजू हो, पण आजारपणातून येणाऱ्याला आधी चाचणी द्यावी लागते, तशी तुलाही. चाचणी साधी. तीन पट्ट्या, दोन सारख्या, एक वेगळी, ती ओळखायची. नवशिकी पोरगी ओळखते. हे वाचून नाकवाली बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली.

बाहेर आली ती बेत ठरवूनच. चाचणी घ्यायची की नाही हे मोठ्या बाईंच्या हातात होतं. बाईंचीच खात्री पटली तर त्या म्हणतील, हिची कसली चाचणी घ्यायची, बसवा कप्प्यात. एकदा कप्प्यात बसलं की पुढचं पुढे. सगळे फॉर्म्युले डोक्यात होते, आठवणीवर काही दिवस निघाले असते, आणि तोवर डॉक्टरांचं ते 'कदाचित' आलंच असतं. तिने फोन केला. "बाई, शनिवारी संध्याकाळी घरी या. तुमच्या आवडीचं करते."

बाईंच्या आवडीचं म्हणजे लिंबू, संत्रं, पुदिना आणि जिन. गेली कित्येक वर्षं कुणाची बढती, कुणाचा निरोप, काही असलं की नाकवालीच्या घरी हे पेय व्हायचं. सासूबाईही पेलाभर घ्यायच्या, "औषध म्हणून" असं म्हणून. त्यात साखरेऐवजी गवती चहाचा पाक पडायचा, तीच त्याची खुबी.

शनिवारी सकाळी तिने गवती चहाची पाती कातरून साखरेच्या पाण्यात उकळली, गाळली, थंड करून बाटलीत भरली आणि फ्रिजच्या दारात ठेवली. कशाचे किती भाग, ते तिला पाठ होतं. हातांना सगळं ठाऊक होतं.

मोठ्या बाई वेळेवर आल्या. काठी दाराशी टेकवली, खुर्चीत बसल्या, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी झाली. नाकवालीने मुद्दामच सगळं सामान बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मांडलं. हे आत करून कसं चाललं असतं, बाईंना दिसायला नको?

तिने लिंबं तळहाताखाली दाबून फिरवली. सुरीने सालीचा वरचा पिवळा पापुद्रा तेवढा काढला, खालचं पांढरं येऊ दिलं नाही, ते कडू. लिंबं पिळली, संत्री पिळली. पुदिन्याची पानं एका तळहातावर ठेवून दुसऱ्याने एकच टाळी दिली, तेवढ्याने पान जागं होतं, चुरडायचं नाही. ओंजळ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. पुदिना थंड असतो, तो गारवा नाकात जाणवला. वास नाही. "कुंडीतलाच आहे," ती म्हणाली, "बाजारातल्याला ही धार नसते."

"खरंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग तिने फ्रिजमधून पाकाची बाटली आणली. झाकण उघडलं. बाटली नाकाखाली धरली, नेहमीसारखी, जरा जास्तच वेळ, आणि हसली. "यंदा गवती चहा काय उतरलाय, बाई. पावसाळी गवतावर झोपल्यासारखं वाटतं."

नवऱ्याने तोंड उघडलं, आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंनी त्याच्या पायावर पाय ठेवला. तिला ते दिसलं, पण वाटलं, तो काहीतरी भूगोलातलं सांगायला निघाला असेल आणि आईने थोपवला.

तिने पाक ओतला, जिन ओतली, बर्फ टाकून काचेचं भांडं ढवळलं आणि पेले भरले.

"खिडकी उघडू का जरा," मोठ्या बाई म्हणाल्या, "उकडतंय."

उकडत नव्हतं.

नवऱ्याने पेला एका दमात रिकामा केला, लहान मुलं एरंडेल घेतात तसा. मोठ्या बाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. "छान," म्हणाल्या. नाकवालीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासूबाईंनी पेला तोंडाशी नेला, हात अर्ध्यात थांबला, मग त्यांनी घोट घेतला, गिळला आणि म्हणाल्या, "सूनबाई, फार सुरेख झालंय हो."

लग्न झाल्यापासून या बाईने सुनेच्या हातचं काहीही सुरेख झालंय असं म्हटलं नव्हतं. जास्तीत जास्त "खाता येतंय" इथवर मजल जायची. नाकवालीने स्वतःच्या पेल्यातला घोट घेतला. आंबट होतं. गोड होतं. घशाला जळत होतं, जिभेला गार लागत होतं. सगळं जिथल्या तिथे. काहीतरी भयंकर चुकलं होतं आणि काय ते तिला कळत नव्हतं.

"बर्फ आणते," म्हणून पाकाची बाटली उचलून ती आत गेली.

फ्रिजच्या दारात तपकिरी बाटली अजून एक होती. तिने ती उघडून बोटावर थेंब घेतला. गोड. बाहेरून परत आणलेल्या बाटलीतला थेंब घेतला. गोड. दोन्ही नाकाशी धरल्या, खोल श्वास ओढला, इतका की डोकं हलकं झालं. हवा आत गेली आणि हवा बाहेर आली.

मागे सासूबाई येऊन उभ्या होत्या.

"आई, या दुसऱ्या बाटलीत काय आहे?"

"त्यात तुझा गवती चहा आहे."

"आणि मी ओतला तो?"

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "माझं खोकल्याचं. कांदा चिरून साखरेत मुरवलेला. त्याचं पाणी."

"घरात कांदा आणलात?"

"कधीचा आणतेय, तुझा ताप उतरल्यापासून. आधी भीत भीत गॅलरीत चिरायचे. मग तुझ्या पाठीमागेच चिरायला लागले, तू चहा गाळत असायचीस. फ्रिजमधल्या दुधाला कांद्याचा वास लागला, लोण्याला लागला. हा रोज नाक दाबून चहा प्यायचा. तू म्हणायचीस, आज आलं छान उतरलंय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"मला होतं. त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, तिला बोलू नकोस आई, तिचं ती सांगेल."

"आणि आज? मी बाटली हुंगत होते तेव्हा? तेव्हाही नाही बोलावंसं वाटलं?"

"बाईंच्या देखत काय बोलू? आणि तू हसलीस ना गं," सासूबाई म्हणाल्या, "त्या हसण्यावर कुणी काय बोलायचं."

नाकवाली ओट्याला टेकून उभी राहिली. सासूबाईंनी धीर द्यायला म्हणून सुरुवात केली, की वास नाही आला म्हणून माणूस मरत नाही, आंधळे जगतात, बहिरे जगतात, हिला तर सगळं दिसतंय, ऐकू येतंय.

"आई, मला यांच्या शर्टाचा वास येत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, नाहीतर सासूबाईंनी भांडण तरी केलं असतं. "तुमच्या तेलाचा येत नाही. रात्री उशीला नाक लावते, तिथे माझाच नाही. या घरात कुणी राहतं की नाही, मला कळत नाही. मी राहते का, तेही कळत नाही."

सासूबाईंनी बर्फाचा ट्रे काढला, परत ठेवला.

ती बाहेर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, माझं नाक गेलंय."

"माहीत आहे."

"कांद्याचा पाक घातला मी."

"तू झाकण उघडलंस तेव्हाच कळलं मला. खोलीभर वास झाला."

"मग छान का म्हणालात?"

"तुझ्या घरात बसून, तुझ्या माणसांपुढे, काय म्हणू?" मोठ्या बाई चिडल्या होत्या. बरीच माणसं वाईट वाटलं की चिडतात, त्या त्यांतल्या. "मला वाटलं, तू सांगशील. तू घोट घेईपर्यंत वाट बघत होते. तू गवतावर झोपायच्या गोष्टी करत होतीस. कप्प्यात बसून असंच केलं असतंस? औषधाच्या गोळ्यांना आपण वास देतो, पोरं खातात त्या."

"परत येईल म्हणाले होते डॉक्टर."

"आला तर ये. मी असेन तर मी बसवीन." त्यांनी काठी घेतली. "सोमवारी चाचणी मी ठेवत नाही. नापास झालीस हे कागदावर कशाला यायला हवं. भांडारात जागा आहे, पिंपं मोजून घ्यायला माणूस लागतो. विचार कर."

"आणि माझा कप्पा?"

मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच केलं, आणि उत्तर तेच होतं. "तो रिकामा ठेवून चालत नाही गं," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या. नवरा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला.

तो परत आला तेव्हा ती टेबलाशी बसून उरलेलं पेय पेल्यात ओतून घेत होती.

"अगं, टाकून दे ते."

"कशाला? मला चांगलं लागतंय."

"कांद्याचं आहे."

"तुम्हाला. माझ्यासाठी अगदी नीट जमलंय, कधी नव्हे इतकं. भाग बरोबर पडलेत." ती पीत राहिली. आंबट, गोड, जळजळ, गारवा, चौघे चार कोपऱ्यांत बसले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. पूर्वी तोंडात त्यांचं संमेलन भरायचं. नवरा समोर बसला. काही बोलायचं म्हणून म्हणाला, "भांडाराचं वाईट नाही तसं. त्या बाजूचं फाटक घरून जवळ पडेल."

"हो ना," ती म्हणाली. "फाटक जवळ पडेल."

मग ती उठली आणि तिने पेले घासायला घेतले. काचेचं मोठं भांडं तिने साबणाने घासलं, गरम पाण्याने विसळलं, उजेडात धरलं. काच लख्ख होती. तिने ते नवऱ्यापुढे केलं.

"बघा हो. गेला का वास?"

त्याने भांडं नाकाशी नेलं. जरा वेळ लावला. "गेला," म्हणाला.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खरं बोलतोय की मन राखतोय, ते समजायला तिच्याकडे आता दुसरं काही नव्हतं, हा चेहराच होता. तिने भांडं परत घेतलं आणि पुन्हा साबण लावला.