बासष्ट मेंढरांचं चित्र

७ जून १९९८, रविवार. रंगीत खडूंची पेटी पंच्याऐंशी रुपये, शिकवणी महिन्याला साठ. यवतच्या पेंटरच्या दुकानात आम्ही तिघं होतो: मी, माझी पत्नी आणि पेंटर. ढाब्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाला सगळे चाचा म्हणत. फावल्या वेळात ते कोरड्या खडूंनी चित्रं काढत. पत्नी म्हणाली, "चौतिसाव्या वर्षी खडू. पोरांना सांगू नका, हसतील."

मला एकच चित्र काढायचं होतं. वरवंडला शेत घेतलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली. त्याला सात वर्षं झाली होती. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले कळप हायवेने जात, तेव्हा आप्पा कडेला उभे राहत, शेवटचं मेंढरू दिसेनासं होईपर्यंत. आपल्या मेंढरांचं नाव काढलं की मात्र उठून जात. त्यांची नजर अधू होत चालली होती. ती पुरती जाण्याआधी त्यांना कळप दाखवावा, त्यांनी एकदा तरी त्याविषयी बोलावं, एवढंच मनात होतं.

चाचांनी तपकिरी कागद दिला. आधी करडा खडू, मग काळा. बोटाने पसरवायचा, फुंकर मारायची नाही, कागद उभा धरून भुकटी झाडायची. हे जमलं. पुढचं जमेना.

"मेंढरं मोजू नका, कळप काढा," चाचा म्हणायचे. "लांबून तो एकच दिसतो."

"आमच्यात मोजल्याबिगर वाडगं लावत न्हाईत, चाचा."

"मग तलाठ्याकडं जायचं. माझ्याकडं कशाला आला?"

मी ऐकलं नाही. लहानपणापासून संध्याकाळी वाडग्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या, तोंडाशी मोजणी माझ्याकडे असे. शेवटची मोजणी बासष्ट. चौथ्या महिन्यात बासष्टावं डोकं काढून झालं आणि कागद घरी नेला.

आप्पांनी तो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग दोन बोटं टेकवून जोडीजोडीने मोजायला लागले, वाडग्यापाशी मोजत तसे. बोट टेकलं की डोकं पुसलं जाई. मला थांबवायचं होतं, पण थांबवलं नाही. मोजून झालं तेव्हा कागदावर एकही मेंढरू सुटं उरलं नव्हतं.

"एक जादा हाय," ते म्हणाले. "मी एकसष्टच इकली."

"बासष्ट होती की, आप्पा."

"बांडी मेंढी न्हाई इकली. कोकणात चाललेल्या एका पाव्हण्याच्या कळपात सोडली. पैसं न्हाई घेतलं. तिला दावणीला उभं ऱ्हाया आवडायचं न्हाई."

मग ते बोलतच राहिले. बांडीची आई कोणती, ती कुठल्या घाटात व्यायली, कुणाचं कोकरू अंगरख्यात घालून आणलं. दरवर्षी रस्त्याकडेला ते कुणाला शोधत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी कागद चाचांना दाखवला. त्यांनी तो हात लांब करून पाहिला.

"आता झाला कळप. कुणी केला?"

"आप्पांनी. मोजताना."

"मग या महिन्याची फी त्यांना द्या."

मी आग्रह केला, त्यांनी घेतली नाही. तीन महिन्यांचे एकशेऐंशी चाचांना पोचले होते. चौथ्याचे साठ मी घरी येऊन आप्पांच्या हातावर ठेवले.